ट्रॅक्टरची सीट आणि ड्रायव्हरची कंबर



गळीत हंगाम जवळ आला की आपण ट्रॅक्टरचे ऑईल बदलतो, ट्रॉलीला ग्रीस भरतो, टायरवर हात फिरवून बघतो, मागचे लाईट व रिफ्लेक्टर तपासतो. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु ज्या सीटवर बसून आपला ड्रायव्हर पुढचे चार-पाच महिने फडापासून गव्हाणीपर्यंत खेपा घालणार असतो, त्या सीटकडे बघण्याची आपल्याला सवय नाही. मलाही नव्हती. ती कशी लागली ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे लिहिणे कोरडे वाटणार नाही.

तीन हंगामांमागची गोष्ट. आमचा फड कारखान्यापासून बत्तीस किलोमीटर. ट्रॅक्टर जुना घेतलेला, मागे दोन ट्रॉल्या. ड्रायव्हर चाळिशीचा, अंगाने किडकिडीत, कामाला वाघ. डिसेंबरातच तो एकदा म्हणाला, "आण्णा, सीटचं कायतरी बघायला पाहिजे. कंबर धरायला लागलीया." मी हसण्यावारी नेले. "अरे, ट्रॅक्टरची सीट हाय ती, सोफा हाय व्हय?" तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्याने घरची वाकळ आणली आणि चौघडी करून सीटवर टाकली. पंधरा दिवसांनी आणखी एक वाकळ त्यावर चढली. आम्ही सर्वांनी त्याची थट्टा केली.

जानेवारीच्या मध्यावर एका पहाटे तो खेप रिकामी करून आला, मडगार्डाला धरून उतरला आणि तसाच वाकलेला उभा राहिला. डावा पाय उचलेना. डॉक्टरांनी मणक्याची चकती सरकल्याचे सांगितले व तीन आठवडे अंथरुणावरून फारसे उठू नये अशी ताकीद दिली. ऐन हंगामात दुसरा ड्रायव्हर मिळतो कोठे? टोळी फडात बसलेली, ऊस तोडून पडलेला. शेवटी मीच बसलो. सहा रात्री मी त्या सीटवर काढल्या. दुसऱ्याच खेपेला मला कळून चुकले की मी केलेली थट्टा कोणाच्या कंबरेवर केली होती.

आणि आणखी एक गोष्ट कळली, ती जास्त लाजिरवाणी. सीटच्या मागे वजनाप्रमाणे स्प्रिंग घट्ट-सैल करण्याचा खटका होता. धूळ व ग्रीसचा लेप काढल्यावर त्याचा काटा ११० किलोच्या खुणेवर दिसला. आधीच्या मालकाचा माणूस तसा असेल. आमच्या ड्रायव्हरचे वजन ५८ किलो. दोन हंगाम तो माणूस स्प्रिंगवर बसलाच नव्हता, तो लोखंडावर बसला होता. खटका फिरवायला एक पैसाही लागत नव्हता.

हादरा कोठून येतो

मोटारीला किंवा ट्रकला चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये पाटे किंवा स्प्रिंग असतात. आपल्याकडच्या नेहमीच्या ट्रॅक्टरच्या मागच्या आसाला यातले काहीच नसते. रस्ता आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये फक्त दोन गोष्टी असतात, टायरमधली हवा आणि सीट. म्हणून ट्रॅक्टरची सीट ही चैनीची वस्तू नसून ट्रकच्या पाट्यांचे काम करणारा भाग आहे, असे समजावे.

आता थोडे शास्त्र. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या चालीने धक्का दिला की तो उंच जातो, भलत्याच वेळी दिला तर जात नाही. प्रत्येक वस्तूची अशी स्वतःची चाल असते. बसलेल्या माणसाच्या धडाची उभी चाल सेकंदाला साधारण ४ ते ६ हेलकावे इतकी आहे. या चालीचे हादरे बसले की पोट, आतडी आणि मणके हे सारे त्या तालावर डोलू लागतात व हादरा अंगात वाढतो. टायरवर उड्या मारणाऱ्या ट्रॅक्टरचे हादरे बहुधा सेकंदाला २ ते ४ या आसपास असतात. म्हणजे यंत्राची चाल आणि माणसाची चाल शेजारी-शेजारी येऊन बसते. दुर्दैवाने त्यात फोमची गादीही सामील होते. नुसत्या फोमच्या सीटची चाल माणूस बसल्यावर सुमारे ४ च्या जवळ येते, म्हणून ती बारीक थरथर मारते पण नेमके हे मोठे हादरे कमी करण्याऐवजी थोडे वाढवते. जाड गादी टाकली म्हणजे काम झाले, हा समज त्यामुळे खोटा ठरतो. हातावर दाबली की मऊ लागते, रस्त्यावर उडवते.

स्प्रिंगची सीट वेगळे काम करते. तिची चाल मुद्दाम संथ, सेकंदाला एक-दीड हेलकाव्याची ठेवलेली असते. आपल्या चालीच्या साधारण दीडपटीहून जलद येणारा हादरा ती वर जाऊ देत नाही. मात्र हे केव्हा? स्प्रिंगला वर-खाली जायला जागा असेल तेव्हा. हलका माणूस घट्ट स्प्रिंगवर बसला तर सीट वरच्या टोकाला चिकटून राहते. जड माणूस सैल स्प्रिंगवर बसला तर प्रत्येक खड्ड्याला खालच्या ठोकळ्यावर आदळते. दोन्ही प्रकारांत स्प्रिंग असून नसल्यासारखी.

मणक्यांच्या चकत्यांवरचा दाब प्रत्यक्ष मोजण्याचे काम स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाचेमसन यांनी १९६० च्या दशकात केले. चकतीत सुई घालून त्यांनी निरनिराळ्या स्थितींत दाब पाहिला. सरळ बसण्याच्या आकड्याबद्दल पुढे १९९० च्या दशकातील मोजण्यांत फरक आढळला, परंतु पुढे वाकून बसले की दाब वाढतो आणि पाठ टेकून बसले की कमी होतो, हे कायम राहिले. आपला ड्रायव्हर रात्री पुढे वाकून, स्टिअरिंगवर छाती आणून बसतो. त्याच स्थितीत खालून दणके खातो. दुखणे तेथून सुरू होते.

युरोपात २००२ साली कामगारांच्या अंगाला बसणाऱ्या हादऱ्यांसाठी कायदा झाला. आठ तासांच्या सरासरीने प्रवेग ०.५ (मीटर दर सेकंदास दर सेकंदास) झाला की मालकाने उपाय सुरू करावयाचे आणि १.१५ च्या पुढे कामच द्यावयाचे नाही, असा त्याचा आशय. ०.५ म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा सुमारे विसावा भाग. आकडा लहान दिसतो, पण तो आठ तास सतत बसणारा आहे. त्या हिशेबात एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. हादरा निम्मा केला तर तेवढाच अपाय होण्यास चौपट वेळ लागतो. म्हणून सीटमध्ये थोडी सुधारणा केली तरी ती वाया जात नाही.

आधी वजन, मग गादी

पहिले काम खटक्याचे. बहुतेक सुधारित सीटना तो पुढे, बाजूला किंवा पाठीमागे असतो, गोल मूठ किंवा छोटा दांडा. गंजला असेल तर रॉकेलसारखे पातळ तेल सोडून रात्रभर ठेवावे, हातोडी मारू नये. मग ड्रायव्हरला त्याच्या रोजच्या कपड्यांत, पायात चप्पल-बूट घालून बसवावे. सीट पूर्ण वर किती व पूर्ण खाली किती जाते ते आधी बघून ठेवावे. माणूस बसल्यावर ती त्या दोन टोकांच्या मधोमध आली पाहिजे. खटक्यावरील किलोचे आकडे जुन्या स्प्रिंगला खरे राहत नाहीत, म्हणून आकड्यापेक्षा मधोमध येण्यावर भरवसा ठेवावा. दिवसा एक ड्रायव्हर आणि रात्री दुसरा असेल तर प्रत्येकाने बसताना खटका आपल्यापुरता लावून घ्यावा. आमच्याकडे आता सीटच्या पत्र्यावर रंगाने दोन खुणा केल्या आहेत, एक दिवसाची, एक रात्रीची.

दुसरे, सीटखालचा शॉकअप. स्प्रिंगचा झोका लगेच थांबवणे हे त्याचे काम. रिकामी सीट दाबून सोडावी. एक-दोनदा डोलून स्थिर झाली तर ठीक. डोलतच राहिली किंवा शॉकअपवर तेल ओघळलेले दिसले तर तो बदलावा. सांध्यांच्या पिना व बुश झिजून सीट आडवी हलत असेल तर तेही याच वेळी करून घ्यावे. आडव्या हलण्याने कंबर उभ्या हादऱ्याइतकीच थकते.

मग गादी. येथे मी स्वतः एकदा फसलो, ते सांगतो. ड्रायव्हर बरा होऊन परत आला तेव्हा मनात अपराधीपणा होता. तालुक्याच्या कुशनवाल्याकडून पाच इंच जाडीचा मऊ फोम घालून, वर लाल रेक्झिन लावून सीट करून आणली. दुकानात बसल्यावर लग्नातल्या लोडासारखी वाटली. पहिली खेप करून आल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "आण्णा, वाकळच बरी व्हती." कारण उघड होते. मऊ फोम बसल्याबरोबर दबून पत्र्याला टेकत होता, खड्ड्यात चेंडूसारखा उडवत होता आणि एवढे करून त्याची उंची वाढल्यामुळे क्लच दाबताना माणूस पुढे घसरत होता. वाकळींनीही हेच केले होते.

नंतर त्याच कुशनवाल्याकडून दुसरी गादी केली. खाली पत्र्यालगत दीड इंच घट्ट, तुकडे दाबून बनवलेला फोम. वर एक ते दीड इंच त्याहून नरम, पण ४० डेन्सिटीचा फोम. एकूण उंची मूळ गादीएवढीच. मुठीने जोराने दाबून पाहावे, बोटांच्या सांध्यांना पत्रा लागता कामा नये. पुढची कड गोल आणि नरम ठेवावी. ती धारदार असली की मांडीखाली दाब येतो व पाय बधिर होतात. मागे माकडहाडाच्या जागी बोटभर खोलगट ठेवल्यास दणका थेट हाडावर बसत नाही. काथ्याची जुनी गादी शाबूत असेल तर ती टाकून देण्याची गरज नाही, तिच्यावर फक्त नरम थर पुरतो. काथ्यात हवा खेळते. मात्र तुटून भुगा झालेला काथ्या टोचतो व दबूनही जातो.

कव्हर रेक्झिनचे असेल तर वर जाड सुती कापडाची खोळ घालावी. रेक्झिनवर घाम येतो आणि माणूस घसरतो. सीटच्या पत्र्याला पाणी निघून जाण्यासाठी भोक ठेवावे, नाहीतर ट्रॅक्टर धुतल्यावर फोम दोन दिवस ओला राहतो. लाकडी मण्यांची जाळी पाठीला हवा देते, त्याबद्दल तक्रार नाही, पण हादऱ्यावर तिचा उपयोग शून्य. जुन्या टपामध्ये, म्हणजे ट्यूबमध्ये हवा भरून त्यावर बसणारेही मी पाहिले. हवा जास्त झाली की तो टप माणसाला फेकतो, आणि वळणावर बूड सरकते. रस्त्यावर दोन भरलेल्या ट्रॉल्या मागे असताना बूड सरकणे परवडणारे नाही.

जाता जाता एक गंमत. १९४६ साली इंग्लंडात आलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरची सीट नुसती घडवलेल्या लोखंडी पत्र्याची, घमेल्यासारखी होती, गादीचे नाव नाही. तरी त्या घमेल्याचा आकार बुडाला बसेल असा काढलेला होता. आज आपण मऊ गादी घेतो आणि आकाराकडे बघत नाही.

पाठ, गुडघे आणि खिसा

सीट पुढे-मागे सरकवण्याची पट्टी गंजून एकाच जागी अडकलेली असते. ती मोकळी करावी. पाठ टेकलेली असताना क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट पुढे घ्यावी. गुडघ्याची मागची बाजू आणि गादीची कड यांत दोन-तीन बोटांची जागा असावी.

पाठ टेकण्याची फळी पुष्कळ ट्रॅक्टरांवर इतकी आखूड असते की तिचा उपयोग उभे राहताना धरायलाच होतो. तिला कंबरेच्या पट्ट्याच्या उंचीवर, मणक्याच्या आतल्या खोलीत बसेल असा दीड-दोन इंचांचा घट्ट फोमचा लोड शिवून घ्यावा. शिवायचा नसेल तर टॉवेलची घट्ट गुंडाळी दोरीने बांधली तरी चालते. सबंध सुधारणेत ड्रायव्हरने सर्वांत जास्त कौतुक कशाचे केले असेल तर या टॉवेलचे.

मागच्या खिशातले पाकीट, वजनाच्या पावत्यांची डायरी व मोबाईल हे पुढच्या खिशात किंवा डब्यात ठेवावे. एका बुडाखाली इंचभर जाडी आली की कंबर वाकडी होते, आणि पाकिटाच्या दाबाने पायात कळ उतरल्याची उदाहरणे डॉक्टरांच्या पुस्तकांतही नोंदलेली आहेत.

दोन्ही बाजूंना लांब दांड्याचे आरसे बसवावेत, उसाच्या मोळ्यांच्या रुंदीबाहेरून मागची ट्रॉली दिसेल एवढे लांब. आरसा नसला की ड्रायव्हर दर मिनिटाला कंबरेतून पिळून मागे बघतो. पिळलेल्या कंबरेवर बसलेला दणका सरळ कंबरेपेक्षा घातक. आरशाचा अपघात टाळण्याचा फायदा आहेच, तो वेगळा.

सीटबाहेरची कारणे

काही हिसके सीटने कधीच थांबणार नाहीत. ट्रॉलीच्या हुकाचे भोक झिजून लांबट झाले, पिन बारीक पडली, की गिअर बदलताना व ब्रेक मारताना मागची सगळी ट्रॉली धडकते आणि ड्रायव्हर पुढे-मागे हेलपाटतो. हादऱ्यांच्या मोजणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आय.एस.ओ. २६३१ मध्ये, बसलेल्या माणसाला पुढे-मागे व आडवे बसणारे हादरे १.४ पट धरून हिशेब करतात, यावरून त्यांचे महत्त्व लक्षात यावे. पिन व भोकाची दुरुस्ती लोहाराच्या अर्ध्या दिवसाची. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्ही जोड बघावेत.

टायरची हवा पुस्तिकेत वाहतुकीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवावी, आणि गार टायरवर मोजावी. "ऊस जड आहे, चार पौंड जास्त भर" असे पंपावर सांगण्याची पद्धत आहे. त्या चार पौंडांनी टायर दगडासारखा होतो. उलट, आराम मिळावा म्हणून हवा कमी करून भरलेली ट्रॉली ओढणे हेही धोक्याचे, टायरची बाजू फुटते व वळणावर गाडी डोलते. फडातून डांबरी रस्त्याला लागेपर्यंतची पाणंद हळू काढावी. तेथे पाच मिनिटे वाचवून काही मिळत नाही, कारण पुढे काट्यावर नंबरासाठी थांबायचेच असते.

नंबरासाठी थांबण्याबद्दलही बोलले पाहिजे. कित्येक ड्रायव्हर तीन-तीन तास स्टिअरिंगवर डोके ठेवून सीटवरच झोपतात. त्यांना खाली उतरून हिंडायला, पडायला सांगावे. वाकळीचा खरा उपयोग तो. अंथरूण विश्रांतीच्या जागेत टाकावे, ट्रॉलीखाली किंवा चाकाच्या आडोशाला कदापि टाकू नये. उतरताना उडी मारू नये. ट्रॅक्टरकडे तोंड करून, पायरीवरून उतरावे. दोन तास हादरे खाल्लेली चकती लगेच वजन पेलण्याच्या स्थितीत नसते, म्हणून उतरल्याबरोबर जॅक, ओल्या मोळ्या, साखळदंड उचलायला लावू नये. पाच-दहा मिनिटे चालू द्यावे.

कंबर नुसती अवघडते ती रात्रीच्या झोपेने सुटते. परंतु कळ मांडीतून पोटरीपर्यंत उतरू लागली, पाऊल बधिर झाले किंवा अंगठा वर उचलेनासा झाला, तर मलमे चोळत न बसता डॉक्टरकडे न्यावे. लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे हे झाले तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. यात एक रात्रही थांबू नये.

जुन्या ट्रॅक्टरवर नुसता पत्रा आणि एकच जाड स्प्रिंग असेल, खटका नसेल, तर गादीवर पैसे घालण्यापेक्षा वजन लावता येणारी सबंध सीटच बदललेली बरी. बाजारात मिळते. घेण्यापूर्वी बोल्टच्या भोकांमधले अंतर मोजून न्यावे, नवी सीट जुनीपेक्षा फार उंच तर होत नाही, स्टिअरिंगखाली मांडी अडकत नाही ना हे पाहावे, आणि बोल्ट कडक पोलादाचे, स्प्रिंग वॉशरसकट वापरावेत. आम्ही गेल्या वर्षी दुसऱ्या ट्रॅक्टरसाठी अशी सीट आणली तेव्हा ड्रायव्हरला बरोबर नेले. दुकानदार मला बसवू लागला. मी म्हटले, "माझं काय काम, ह्याला बसवा." ड्रायव्हर तीन सीटांवर बसला, उठला, खटका फिरवून पुन्हा बसला. सर्वांत महाग सीट त्याने नाकारली, मधली घेतली.

जुन्या ट्रॅक्टरवर मात्र अजून तीच दुरुस्त केलेली सीट आहे. तिला लागलेला खर्च एका खेपेच्या डिझेलएवढाही नव्हता.